वजन वाढलं म्हणून मार्क घसरतात का?

"मॅडम, आठवीपासून याचं वजन सुटलंय आणि तेव्हापासूनच मार्क घसरलेत. वजन उतरलं की अभ्यास सुधारेल ना?" नववीतल्या मुलाची आई विचारत होती. रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं होतं. दर रविवारी बाबा त्याला वजनकाट्यावर उभं करून आकडा घरभर सांगायचे. मुलगा टी-शर्ट पुढे ओढत खाली मान घालून बसला होता.

हा प्रश्न खूप पालक विचारतात. वजनाने बुद्धी मंद होत नाही. पण वजनासोबत जे येतं, त्याने अभ्यासाचं नुकसान होऊ शकतं.

मी त्याच्याशी एकट्याने बोलले. उत्तर येत असूनही तो हात वर करायचा नाही, कारण उभा राहिला की मागच्या बाकावरून "ढोल्या" ऐकू यायचं. तोंडी परीक्षेत "येत नाही" म्हणून बसून घ्यायचा. पीटीच्या दिवशी हमखास पोट दुखायचं, शाळा बुडायची आणि त्याच दिवशीचा बीजगणिताचा तासही.

दुसरी गोष्ट आईच्या बोलण्यात सहज आली. तो रोज घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, मधेच दचकतो, सकाळी डोकं दुखतं म्हणतो. या वयात ८ ते १० तास झोप लागते. तेवढा वेळ तो अंथरुणात असायचाही. पण झोपेत श्वास अडकत असेल तर झोप पुरी कशी होणार? वर्गात पेंगणाऱ्या या मुलाला सगळे आळशी म्हणत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. टॉन्सिल चांगलेच वाढलेले निघाले, झोपेच्या तपासणीत श्वास अडकतोय हेही दिसलं. शस्त्रक्रिया झाली. त्याला विचारून मी वर्गशिक्षिकेशी बोलले, त्यांनी चिडवणं थांबवलं. घरी काटा माळ्यावर गेला. फरसाण आणि कोल्ड्रिंक आणणं सगळ्यांसाठीच बंद झालं.

वार्षिक परीक्षेत मार्क वर आले, वजन मात्र जवळपास तेवढंच होतं. "मग वजनाचं काय?" बाबांनी विचारलं. ते सोडून द्यायचं नाहीच. मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसत होता; तो साखरेच्या त्रासाची खूण असू शकतो, म्हणून रक्तातल्या साखरेची तपासणी बालरोगतज्ज्ञ करतायत. रोज तासभर खेळ हवा. वाढत्या वयात उपाशी मात्र ठेवू नका, असं मी सांगितलं. आता संध्याकाळी बापलेक सायकली काढतात.