डबल लेयर डीव्हीडीवर थर बदलताना चित्र अडखळू नये यासाठी काय करावे?

थर बदलताना लेसरला दुसऱ्या थरावर नव्याने फोकस करावा लागतो, त्यामुळे क्षणभराचा खंड पुष्कळ प्लेअरवर दिसतोच. आपल्या हाती असते ती त्याची जागा. इमेजबर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर ब्रेक, म्हणजे थर बदलण्याची जागा, आपोआप ठरू न देता स्वतः निवडावा. तो सेलच्या (डीव्हीडीवरील व्हिडिओच्या तुकड्याच्या) सीमेवर आणि १६ सेक्टरांच्या (डिस्कवरील डेटाच्या छोट्या भागांच्या) ब्लॉकच्या आरंभी यावा लागतो, शिवाय पहिल्या थरावरील डेटा दुसऱ्यापेक्षा कमी असून चालत नाही आणि डीव्हीडी प्लस आर डीएल (डबल लेयर) डिस्कवर तो २०,८६,९१२ सेक्टरांपलीकडे जाऊ शकत नाही. या मर्यादेत बसणाऱ्या सेलांपैकी प्रसंग संपून पडदा काळा होतो आणि आवाजही थांबतो, असा सेल घ्यावा. संवादाच्या मध्ये येणारा ब्रेक कानाला फार खटकतो. तसा सेल नसेल, तर ऑथरिंगमध्येच, म्हणजे डीव्हीडीची रचना तयार करतानाच, अशा शांत जागी नवा चॅप्टर टाकावा, म्हणजे तिथे नवा सेल सुरू होतो.