पुरण झाल्याशिवाय पोळी लाटता येत नाही

गेल्या दोन वर्षांत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयटीतल्या माणसांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, "मॅडम, मी शिकलो ते आता चालणार नाही." कुणी नव्या चिपचं नाव घेतं, कुणी क्वांटम संगणकाचं, कुणी कोड लिहून देणाऱ्या एआयचं. पोटातला गोळा तोच. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनं, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय 43. हिंजवडीत नोकरी, वाकडला फ्लॅट, त्याचे बरेच हप्ते बाकी. अठरा वर्षं सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम. त्यांनी लिहिलेला एक हिशेबी प्रोग्रॅम रात्रभर चालायचा. कंपनीनं तो जीपीयूवर, म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी गणितं करणाऱ्या चिपवर, न्यायचं ठरवलं आणि त्या टीममध्ये यांना वगळून दोन तरुण मुलांना घेतलं. तेव्हापासून झोप उडाली. रात्री दोनपर्यंत प्रोग्रॅमिंगच्या भवितव्याचे व्हिडिओ बघायचे, सकाळी बायकोवर चिडचिड.

"मला काळाबरोबर राहायलाच हवं. नाहीतर मी कवडीमोल," ते म्हणाले.

मी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि 'राहायलाच' मधल्या 'च' भोवती गोल केला. माझ्या कामाची बरीचशी भिस्त या एका अक्षरावर आहे. माणूस घटनेनं हादरतो, पण खचतो तो त्या घटनेवरून स्वतःला जे बजावत राहतो त्यानं, असं मी मानते.

"टीममध्ये घेतलं नाही, हे खरं. वाईट वाटणं रास्तच. पण 'कवडीमोल' हे त्यातून कसं निघालं?"

ते जरा रागावले. "तुम्हाला चिपमध्ये काय बदललंय ते माहीत नाही, म्हणून विचारताय."

"नाही माहीत. सांगा मला."

त्या क्षणी मी हे सहज बोलून गेले. पण पुढची तीन सत्रं याच वाक्यावर उभी राहिली.

खुर्चीत रेलून बसलेला माणूस पुढे सरकला आणि सांगू लागला. 1993 चा पेंटियम प्रोसेसर 66 मेगाहर्ट्झचा, 2002 मध्ये वेग 3 गिगाहर्ट्झच्या पुढे गेला, म्हणजे नऊ वर्षांत 45 पट. तेव्हा प्रोग्रॅम कसाही लिहा, पुढच्या वर्षीच्या मशीनवर तो आपोआप पळायचा. मग उष्णता आड आली. वेग आणखी वाढवला तर चिप थंड ठेवणं अवघड, त्यामुळे पुढच्या वीस वर्षांत वेग जेमतेम दुप्पट झाला. म्हणून एका चिपवर दोन, चार, आठ गाभे (कोअर), म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे भाग आले, आणि जीपीयूत तर हजारो छोटे.

"मग हजार गाभे म्हणजे हजारपट वेग?" मी खरंच अज्ञानापोटी विचारलं.

ते हसले. पहिल्यांदाच. "मॅडम, आमच्या गावी गणपतीत दोनशे पानं उठायची. पोळ्या लाटायला वीस बायका बसल्या तर काम भराभर होतं. पण डाळ शिजून, वाटून पुरण झाल्याशिवाय एकही पोळी लाटता येत नाही. तिथं वीस हात असून काय उपयोग?" मग कागद ओढून त्यांनी गणित मांडलं. कामाचा दहावा हिस्सा असा एकामागून एकच होणारा असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. संगणक अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी हे 1967 मध्येच मांडलं होतं. पुण्यात 1991 साली सी-डॅक या सरकारी संस्थेनं 'परम 8000' हा महासंगणक उभारला, तोही काम अनेक प्रोसेसरना वाटून देणारा.

"आणि कोठी लांब असेल तर?" मी विचारलं.

"तेच तर! आजची चिप बेरीज क्षणात करते, पण मेमरीतून आकडा आणेपर्यंत अशा शंभरएक बेरजा होऊन जातील. माल जवळ कसा ठेवायचा, हेच तर मी अठरा वर्षं..."

आणि ते थांबले.

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. पूर्वी मी लगेच निष्कर्ष हातात ठेवायचे. मिनिटभरानं ते म्हणाले, "म्हणजे माझं जुनं ज्ञान इथं जास्तच लागणार आहे."

"लागेलच?"

"लागू शकेल." 'च' त्यांनी स्वतःच गाळला. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

तुमची नोकरी सुरक्षित आहे, असं मी त्यांना कधीही सांगितलं नाही. ते माझ्या हातात नाही आणि खोटा धीर आठवडाभरही पुरत नाही. काही कामं जातील, काहींचे पगार घटतील. ही काळजी खरी आहे, तिच्यासाठी शिल्लक किती, हप्ता किती, हे कागदावर मांडायला लावलं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे कळकळीनं सांगते: रात्री दहानंतर भविष्य बघू नका. शिकायचं असेल तर एकच गोष्ट निवडा, रोज तासभर द्या. आणि जे येतं ते कुणाला तरी समजावून सांगा, अगदी बायकोला, मुलीला, भावाला. भीतीत माणसाला आपल्याला काय येतं तेच आठवत नाही. समजावताना ते तोंडातून आपसूक बाहेर पडतं. क्वांटमचं म्हणाल, तर याच गृहस्थांनी मला सांगितलं की ती यंत्रं काही ठरावीक कोड्यांसाठी आहेत आणि त्यांच्या जोडीला नेहमीचा संगणक लागतोच. मला ते पटलं.

सहाव्या सत्रानंतर त्यांनी साहेबांकडे स्वतःहून वेळ मागितला. टीममध्ये जागा नव्हती, पण रात्री मशीन वापरायची परवानगी मिळाली. पंधरा दिवसांनी फोन आला.

"मॅडम, माझा पहिला जीपीयू प्रोग्रॅम जुन्यापेक्षा हळू चालला."

माझ्या छातीत धस्स झालं.

"कारण सापडलंय. सगळा वेळ माल इकडून तिकडे नेण्यातच जातोय. उद्या बघतो. आता झोपतो."