कागदाची कड दिसू दे

प्रिय,

तू ऑनलाइन विकायला लावलेल्या तुझ्या कोलाजचे, म्हणजे कागद कापून-चिकटवून केलेल्या चित्रांचे, बाराही फोटो काल रात्री मोठे करून करून पाहिले. साडीच्या जाहिरातीतून आभाळ कापलेलं ते निळं चित्र मला फार आवडलं. पण खरं सांगू? ते कोलाज आहे हे तू लिहिलं होतंस म्हणून कळलं. फोटोत ते छापील पोस्टर वाटतं. ट्यूबलाइटच्या उजेडात, फोन बरोबर वर धरून काढलेला फोटो. सगळे कागद एकाच पातळीत आलेले. चार महिन्यांत एकच चित्र विकलं गेलं याचं कारण तू तुझ्या कामात शोधते आहेस. मला ते आधी फोटोत दिसतं.

आपलं माध्यम मुळात बोटांचं. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५७ साली गेली, आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून, चिकटवून चित्रं केली. कागदाची कड बोटाला कळते म्हणून त्यांना हे जमलं असावं, असं मला नेहमी वाटतं. प्रदर्शनात बघ, लोक कोलाजसमोर वाकतात, बाजूने बघतात, आणि आपलं लक्ष नाही असं वाटलं की हळूच बोट लावतात. मी कधी कुणाला अडवलं नाही. ऑनलाइन घेणाऱ्याला मात्र यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या बोटाखाली नुसती काच असते. त्याला जे हाताने कळलं असतं ते तू फोटोतून आणि शब्दांतून पोचवायचंस. बाकी सगळं मी त्यानंतर ठेवते.

सकाळी आठ-नऊला खिडकीशी टेबल ओढ. चित्र आडवं ठेव, खोलीतले दिवे बंद कर, आणि उजेड एकाच बाजूने कागदावर तिरपा पडू दे. आता फाडलेल्या कडेची पांढरी रेघ दिसेल, कागदावर कागद चढतो तिथली बारीक सावली दिसेल. तुझ्या निळ्या चित्रात डाव्या कोपऱ्यात बसच्या तिकिटाचा तुकडा आहे, त्यावरची पंचची भोकंसुद्धा दिसतील. एक फोटो संपूर्ण चित्राचा, दोन अगदी जवळून, एक हातात धरलेला म्हणजे आकार समजतो, आणि एक पाठीचा, सही आणि तारखेसकट. रंग उजळवणारे फिल्टर लावू नकोस. पार्सल उघडल्यावर फोटोतलाच रंग हाती आला पाहिजे.

मग वर्णन. ‘सुंदर हँडमेड कोलाज, घराची शोभा वाढवेल’ हे काढून टाक. असं कुणीही कशाखालीही लिहितं. कागद कुठला, कुठे मिळाला, कशाने चिकटवला, खाली काय आहे, ते लिही. ‘जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती, पीएमटीचं तिकीट, हातकागदावर चिकटवलेलं, एकच प्रत.’ एवढं वाचलं की माणूस थांबतो. आणि प्रिंट विकत असशील तर तिच्यावर ठळक ‘प्रिंट’ असंच लिही, मूळ चित्रांपासून वेगळी ठेव. प्रिंट विकण्यात कमीपणा नाही. मूळ चित्र समजून कुणी प्रिंट घेतली, तर तो माणूस परत येत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

चिकटवण्याबद्दल माझी एक चूक सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी मैद्याची खळ वापरायची, कारण माझे वडील पुस्तकं बांधायचे आणि घरात खळच असायची. कीड लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालत. मी घातला नाही. एक चित्र कोकणात गेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या बाईंचा फोटो आला: कसर लागली होती, एका चेहऱ्याचा अर्धा गाल खाल्लेला. मी पैसे परत केले आणि नवं चित्र करून दिलं, पण तो गाल अजून डोळ्यांसमोर येतो. आता मी पांढरा पीव्हीए गम वापरते, पातळ थर देते, बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबते. हातकागद पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते. वर्तमानपत्राचा कागद वापरशील तर गिऱ्हाइकाला आधीच सांग की तो पिवळा पडणार. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की ते रंग बदलतं. काहींना तो पिवळेपणा आवडतो. पण आधी माहीत असेल तरच.

कापण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, चित्र कुणाचं. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत थांबायचं. मुळगावकर १९७६ साली, म्हणजे २०३६. जुन्या अंकाचं पान कापून एकच चित्र करण्यावरही वाद होऊ शकतो, आणि तेच स्कॅन करून पन्नास प्रिंट विकणं ही तर सरळ नक्कल. तुझ्या यादीतल्या तिसऱ्या आणि आठव्या चित्रात दलालांच्या मुखपृष्ठांवरचे चेहरे आहेत. त्यांच्या प्रिंट आजच काढून टाक.

दुसरी गोष्ट माझ्या जिवाजवळची आहे. जुन्या बाजारात मोडी लिपीत लिहिलेले जुने कागद गठ्ठ्यांनी मिळतात. दिसायला फार देखणे, कोलाजमध्ये जीव आणतात, आणि म्हणूनच लोक ते कापतात. तू कापू नकोस. तो एखाद्या गावाचा जमाखर्च असेल, एखाद्या विधवेचा अर्ज असेल. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघालं ते असे कागद जपण्यासाठीच. मोडी वाचणाऱ्याला दाखव, स्कॅन करून घे, स्कॅनची छापील प्रत काप.

आता किंमत. तू ४५० लावलीस. नऊ तास लागले असं तूच लिहिलंस. तासाला १५० धरले तरी १३५० होतात, वर साधारण २०० चं साहित्य आणि ९० चं पॅकिंग, म्हणजे १६४०. याच्या खाली जाऊ नकोस. एट्सीवर, म्हणजे हाताने केलेल्या वस्तू विकायच्या त्या परदेशी वेबसाइटवर, टाकशील तर एका वस्तूच्या नोंदीला चार महिन्यांसाठी २० सेंट, आणि विक्रीवर साडेसहा टक्के, तेही तू लावलेल्या पोस्टेजसकट. पैसे हाती येण्याचा खर्च वेगळा. हे सगळं किमतीत धर. जीएसटीचे नियम पोर्टलवरून विकताना, थेट विकताना आणि राज्याबाहेर पाठवताना सारखे नाहीत. ते एखाद्या सीएसमोर बसून एकदाच समजून घे.

फ्रेम करून पाठवू नकोस. काच फुटते हे एक कारण, पण कुरियरचा हिशेबही बघ. बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि येईल ते वजन धरतात. ५० बाय ४० बाय १० चं खोकं म्हणजे ४ किलोचे पैसे. तेच चित्र बिनफ्रेमचं, ४५ बाय ३५ बाय ३ च्या पाकिटात, किलोच्याही आत बसतं. चित्रावर बटर पेपर, मग प्लॅस्टिक, दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा दोन बोटं मोठे पुठ्ठे. नळीत गुंडाळून तर कधीच पाठवायचं नाही. कागदाचे थर सुटतात.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमाराला मी जुन्या बाजारात असेन, काडेपेटीची लेबलं विकणाऱ्या काकांपाशी. जमलं तर ये. ते निळं चित्र दोन पुठ्ठ्यांत घालून आण, मला त्याला हात लावून बघायचंय.

तुझी,
मावशी