‘साम्राज्यवाद’ वापरताना

‘साम्राज्यवाद’ हा शब्द नेमका कसा वापरायचा, हा प्रश्न चांगला विचारलात. सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या करा.

पहिली: साम्राज्य म्हणजे सत्ता आणि तिचा मुलूख, तर साम्राज्यवाद म्हणजे दुसऱ्यांवर हुकमत बसवण्याचं धोरण. ‘१८५८ साली ब्रिटिश साम्राज्यवाद राणीच्या हाती गेला’ असं वाक्य नवखे हमखास लिहितात. हाती गेला तो ईस्ट इंडिया कंपनीचा भारतातला कारभार. धोरण कुणाच्या हाती जात नाही, ते राबवलं जातं.

दुसरी, आणि इथेच जास्त गफलत होते: वसाहतवाद, म्हणजे दुसऱ्यांचा मुलूख ताब्यात घेऊन तिथे थेट राज्य करणं, हा साम्राज्यवादाचा एक प्रकार आहे. १८४२च्या नानकिंग तहाने ब्रिटनने चीनकडून हाँगकाँग बेट घेतलं. ती झाली वसाहत. त्याच तहाने पाच बंदरं व्यापाराला खुली करायला लावली. तिथे चीनचीच सत्ता राहिली, तरी दडपण ब्रिटनचं. त्याला साम्राज्यवादच म्हणायचं. हे उदाहरण मला फार आवडतं, फरक लगेच डोळ्यांसमोर येतो.

‘साम्राज्यशाही’ हा शब्दही भेटेल, अर्थ जवळपास तोच. विशेषण मात्र ‘साम्राज्यवादी’: साम्राज्यवादी धोरण, साम्राज्यवादी राष्ट्र.

नवसाम्राज्यवाद वगैरे सध्या राहू द्या. आधी चार-पाच वाक्यं स्वतः लिहा आणि इथे टाका, आपण मिळून तपासू.