सुपरवाइज्ड कन्झम्प्शन साइटची आमच्या शहराला खरंच गरज आहे का, हे कसं ठरवतात?

तुम्ही लिहिलंय की कॅनडात नवीन घर घेतलं, जवळच असं केंद्र (जिथे लोक स्वतः आणलेले अंमली पदार्थ प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली घेतात) होणार म्हणून नगरपालिकेचा सर्व्हे आला, आणि हे सगळं राजकारणच वाटतंय. राजकारण असतंच. पण गरज मोजताही येते. मी ब्रिटिश कोलंबियात आरोग्य खात्याच्या आकडेवारीचं काम करतो, तर माझ्या बाजूने सांगतो.

आमच्या प्रांतातल्या व्हँकुव्हरचं 'इनसाइट' हे असंच केंद्र 2003 पासून चालू आहे. 2011 मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा परवानगी देताना पाच गोष्टी बघायला सांगितल्या: गुन्ह्यांवरचा परिणाम, गरज दाखवणारी स्थानिक परिस्थिती, नियमांची चौकट, साधनसामग्री, आणि लोकांचा पाठिंबा किंवा विरोध. म्हणजे गरज वेगळी, विरोध वेगळा. तुमच्या हातातला सर्व्हे फक्त शेवटची गोष्ट मोजतोय.

बहुतेक अहवाल सुरुवात करतात शहरातल्या ओव्हरडोस मृत्यूंच्या आकड्याने, आणि तिथेच फसगत होते. आमच्या प्रांतात बहुतेक मृत्यू चार भिंतींच्या आत होतात, पुष्कळदा माणूस एकटा असताना. बेसमेंटमध्ये दार लावून फेंटानिल (अफूसारखा, पण फार तीव्र असा कृत्रिम पदार्थ) घेणारा बांधकाम मजूर बस पकडून केंद्रात येणार नाही. त्याच्यासाठी घरात ओव्हरडोसवरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन हवं, फोनवर कुणीतरी सोबत हवं. केंद्राचा उपयोग होतो तो उघड्यावर, सार्वजनिक टॉयलेटात, पार्किंगच्या जिन्यात नशा करणाऱ्यांना. फेंटानिलने श्वास मंदावला की हाताशी काही मिनिटंच असतात, तेवढ्यात ऑक्सिजन देणारं कुणी शेजारी असलं की माणूस वाचतो.

म्हणून मी आधी अँब्युलन्सचे कॉल चौकाचौकानुसार बघतो. मग लायब्ररीतल्या लोकांना आणि सफाई कामगारांना विचारतो. सुया कुठे सापडतात, टॉयलेटात कोण बेशुद्ध पडलेलं असतं, हे त्यांना कुठल्याही अहवालापेक्षा आधी कळतं. अंतर फार महत्त्वाचं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2011 च्या अभ्यासात इनसाइटपासून 500 मीटरच्या आत ओव्हरडोस मृत्यू 35 टक्के घटले होते, उरलेल्या शहरात 9 टक्क्यांच्या आसपास. विथड्रॉवल (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) सुरू झालेला माणूस दोन किलोमीटर चालत नाही, जिथे माल मिळाला त्याच्या आसपासच घेतो.

आणखी एक मुद्दा हमखास सुटतो: लोक घेतात कसं? आमच्याकडे 2017 पासून मृतांमध्ये धूर ओढून नशा करणाऱ्यांचं प्रमाण सुईवाल्यांपेक्षा जास्त आहे. केंद्रात नुसती सुईची सोय केली तर खुर्च्या रिकाम्या राहतील आणि मग "बघा, गरज नव्हतीच" म्हणायला लोक मोकळे. धूर ओढायला वेगळी, हवा खेळती ठेवणारी खोली लागते, तिला पैसे लागतात. शेजारच्या आल्बर्टा प्रांतात लेथब्रिज शहराच्या केंद्रात ती होती, गर्दीही प्रचंड होती. तरी हिशेबांच्या तपासणीनंतर प्रांताने निधी काढून घेतला आणि 2020 मध्ये ते बंद पडलं. गरज असणं आणि केंद्र टिकणं यात एवढा फरक!

नशा करणाऱ्यांनाच विचारलंय का, हेही बघा. रात्री याल का? दारात पोलिसांची गाडी असेल तर? बायकांना वेगळी जागा हवी का? (भारतातले नातेवाईक हे ऐकून चाट पडतात. तिथे सरकारी कार्यक्रमात स्वच्छ सुया आणि ब्युप्रेनॉर्फिन हे व्यसनावरचं औषध मिळतं, पण असं केंद्र नाही.)

तुमची भीती मी खोटी ठरवत नाही. ऑन्टारियो प्रांताने शाळा आणि पाळणाघरांपासून 200 मीटरच्या आतली केंद्रं मार्च 2025 अखेर बंद करायला लावली. माझ्या मते तो जागेचा वाद आहे. जागा चुकली म्हणून गरज नाहीशी होत नाही. उलट लहान गावात मृत्यू विखुरलेले असतील तर अख्खं केंद्र कशाला, बेघरांच्या चालू शेल्टरमध्येच एक खोली आणि प्रशिक्षित माणसं पुरतात.

सुनावणीला गेलात तर तीन गोष्टी मागा: चौकनिहाय अँब्युलन्स कॉल, सुई आणि धूर यांचं प्रमाण, आणि वापरणाऱ्यांच्या मुलाखती. त्या नसतील तर अहवाल परत पाठवा म्हणा, मग तुम्ही बाजूने असा की विरोधात.