मुलांच्या विभागात ग्रंथपाल शिक्के मारण्यापलीकडे काय करतो?

तुम्ही विचारलंय की बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी झालीय, गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे, वाचनालयात मुलांसाठी काम करायचं मनात आहे. पण त्यात पुस्तकांवर शिक्के मारण्यापलीकडे काही असतं का, आणि कन्नड यावंच लागतं का?

शिक्के असतातच. दाखलनोंद, तारखेची चिठ्ठी, देवघेव, फाटलेल्याला डिंक यात रोजचा तासभर जातो. उरलेल्या वेळाबद्दल लिहिते. मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मराठी वाचनालयाचा बालविभाग चौदा वर्षं सांभाळते आहे. 'विभाग' हा शब्द मोठा झाला. मी आले तेव्हा ते एक काचेचं कपाट होतं, कुलपाची किल्ली अध्यक्षांच्या घरी.

पहिल्या महिन्यात तीन मुलं आली. काचेला नाक लावून बघायची आणि जायची. शेवटी मी सुताराला बोलावून कपाटाची दारंच बिजागऱ्यांतून काढवली. कमिटीत गदारोळ झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "बाई, पुस्तकं पळवतील." पळवली. वर्षाखेरीच्या मोजणीत अकरा कमी भरली, त्यातली सात दिवाळीच्या साफसफाईत लोकांनी आपणहून आणून दिली. चार गेली. पण त्या वर्षी रोज वीस-पंचवीस मुलं येऊ लागली. तेव्हापासून माझा हिशोब उलटा आहे: बालविभागातलं पुस्तक तीन वर्षांनी कोरं करकरीत राहिलं, तर ते विकत घेण्यात माझी चूक झाली असं मी धरते.

उंचीचंही तसंच. सगळ्यात वरचा खण दुसरीतल्या मुलाच्या हाताला लागला पाहिजे. पुस्तकं कणा दाखवत उभी लावू नका, निदान एका खणात तरी मुखपृष्ठ समोर ठेवा. लहान मूल नाव वाचून पुस्तक उचलत नाही, चित्र बघून उचलतं. ड्यूईचे, म्हणजे विषयवार पुस्तकं लावायचे, आकडे तुमच्या नोंदवहीत असू देत. मुलांसाठी कण्यावर रंगीत पट्टी पुरते. फक्त पट्टीवर 'इयत्ता दुसरी' असं लिहू नका. का, ते आता सांगते, कारण आपल्या भागातलं खरं काम तिथंच आहे.

आपल्याकडची मुलं भाषांच्या तिठ्यावर उभी असतात. घरी मराठी, तीही आपली, 'काय करूलालास'वाली. शाळा कुणाची मराठी, कुणाची कन्नड, आता बहुतेकांची इंग्रजी. इंग्रजी शाळेतल्या मुलाला देवनागरी येते ती हिंदीच्या तासापुरती. तो 'चाक' वाचताना 'चहा'मधला च लावतो. 'ळ' मात्र ठणठणीत म्हणतो, कारण कन्नडमध्ये ळ आहे. म्हणजे अकरा वर्षांचा मुलगा, ज्याला डोक्यानं बाराव्या वर्षाचं पुस्तक हवं, तो मराठी वाचतो सात वर्षांच्या मुलाच्या वेगानं. त्याच्या हातात ससा-कासव ठेवलंत की तो दुखावतो, आणि पुन्हा येत नाही.

असाच एक सहावीतला मुलगा आजीनं हाताला धरून आणला. आजी म्हणाली, "ह्याला मराठी वाचाय येत नाही, आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं." पोरगं जमिनीकडे बघत होतं. मी दिलेलं चित्रांचं पुस्तक त्यानं कणा भिंतीकडे करून परत ठेवलं. टेबलावर कुस्तीच्या मैदानाचं हँडबिल पडलं होतं, जत्रेचं, मोठ्या टायपातलं. ते त्यानं उचललं आणि वाचायला लागला. पैलवानांची नावं त्याला पाठ होती, त्यामुळे अक्षरं आपसूक सुटत गेली. मानाची गदा, दुसऱ्या क्रमांकाची कुस्ती, आखाड्याचं ठिकाण, सगळं वाचलं. आजीला मी मध्ये बोलू दिलं नाही (हे सगळ्यात अवघड होतं).

तेव्हापासून माझ्याकडे एक जाड फाईल असते. त्यात कुस्तीची, नाटकांची, क्रिकेट टुर्नामेंटची हँडबिलं, यात्रेच्या पत्रिका, लग्नपत्रिकासुद्धा. ती पुस्तकं नाहीत, दाखलनोंदीत चढत नाहीत. पण तिच्याइतकी हाताळलेली वस्तू आमच्या वाचनालयात दुसरी नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे 1931 चे पाच नियम तुम्ही परीक्षेत लिहिले असतीलच. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हा नियम पाळताना कधी कधी ते पुस्तक म्हणजे एक पान असतं.

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी आमच्याकडे प्रकटवाचन असतं. वीस मिनिटं, जास्त नाही. पुस्तक आधी घरी दोनदा मोठ्यानं वाचून जा, नाहीतर अडखळता. पुस्तक छातीशी धरून चित्र मुलांकडे ठेवायचं आणि आपण तिरकं वाचायचं, हे यायला मला एक वर्ष लागलं. आणि संपल्यावर 'ह्यातून काय शिकलात?' असं विचारू नका. एकदा विचारलं की पुढच्या शनिवारी मुलं शिकण्यासारखं काहीतरी शोधत ऐकतात, गोष्ट ऐकत नाहीत.

पुस्तकं आणायची कुठून? पैशाची गोष्ट आधी समजून घ्या. महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे. तिथं संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. कर्नाटकाचा कायदा 1965 चा, त्याचा साचा वेगळा: मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर, आणि त्यातून सरकारनं स्वतः चालवलेली शहर नि जिल्हा ग्रंथालयं. मग बेळगावचं सार्वजनिक वाचनालय, जे 1848 सालचं आहे, किंवा गावोगावची आमच्यासारखी मराठी वाचनालयं उभी राहिली ती वर्गणी आणि देणगीवर. निपाणीहून कागलला गेलं की नियम बदलतो, वाचणारी पोरं तीच. हे कुरकुर म्हणून सांगत नाही. तुम्हाला नोकरी शोधायची आहे म्हणून सांगते.

देणगीची पुस्तकं मिळतात, पण नीट बघून घ्या. घर बदलताना लोक जुनी गाईडं आणि सत्कारात आलेले ग्रंथ 'मुलांसाठी' म्हणून पाठवतात. नाही म्हणायला शिका. मी दोन गोष्टींवर बरीच भागवते. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. दुसरं, प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. त्यावर मराठी, कन्नड, इंग्रजीत गोष्टी आहेत, छापून वाटायची मुभा आहे, आणि बऱ्याच गोष्टी एकाहून अधिक भाषांत सापडतात. मी एकाच गोष्टीच्या मराठी आणि कन्नड प्रती छापून शेजारी शेजारी शिवते. कन्नड शाळेतली मुलगी आणि मराठी शाळेतला मुलगा एका सतरंजीवर बसून तेच चित्र बघतात, आणि कोण आधी पान उलटतं यावर भांडतात.

वाड्यावस्त्यांवर पत्र्याची ट्रंक पाठवते. ही युक्ती माझी नाही. सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणले, तेव्हा तिथून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत जायच्या. आमची ट्रंक दुधाच्या टेम्पोतून जाते, महिन्यानं बदलते.

पावसाळा तुम्हाला सांगायला नको, खानापूरकडचा पाऊस तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलाय. जूनमध्येच खालचा खण रिकामा करून पुस्तकं वर घ्या, भिंतीपासून चार बोटं लांब. कसर कडुनिंबाच्या पानांना फार घाबरत नाही असा माझा अनुभव आहे. उघडझाप आणि फडक्याला घाबरते. रोप लावणीच्या दिवसांत मुलं येत नाहीत. तेव्हा फोन करून हजेरी विचारू नका, ती चिखलात असतात.

आता मोठी मुलं. बारा ओलांडलं की मुलगे मंडळाच्या कट्ट्यावर जातात आणि मुली घरकामात. त्यांना लहानांच्या सतरंजीवर बसवू नका. आमच्याकडे मागच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि एकच नियम आहे: इथं लहानांनी यायचं नाही. एवढ्यावर सातजण टिकले. पाळी, शरीर, वयात येणं यावरची पुस्तकं त्याच खोलीत उघड्यावर ठेवलीत, नोंद न करता तिथंच बसून वाचायची सोय आहे. एका आईनं विचारलं, "माझी मुलगी काय वाचते ते लिहून द्याल?" मी म्हटलं, "तिलाच विचारा ना, ती छान सांगते." वाचकाची वही तिसऱ्याला दाखवायची नाही, मग वाचक तेरा वर्षांचा असला तरी. आणि मुलं आत असताना दार कायम उघडं, शक्यतो दोन मोठी माणसं हजर. याला कुणी कितीही हसलं तरी सवलत देऊ नका.

नोकरीचं स्पष्ट सांगायचं तर 'बालग्रंथपाल' या नावाचं पद आपल्याकडे जवळजवळ नसतंच. आमच्यासारख्या संस्थेत मानधन मिळतं, त्यावर घर चालत नाही; माझं शिलाई मशीन चालतं म्हणून मी टिकले. दुसरी वाट ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयांची. ती 2019 मध्ये ग्रामविकास आणि पंचायतराज खात्याकडे गेली, आता त्यांना अरिवु केंद्र, म्हणजे ज्ञानकेंद्र, म्हणतात. 2020 च्या नोव्हेंबरात 'ओदुव बेळकु' (वाचनाचा प्रकाश) योजना आली आणि 6 ते 18 वयाच्या मुलांना तिथं मोफत सभासदत्व मिळू लागलं. तुमच्या पंचायतीचं केंद्र कुठं आहे, संध्याकाळी उघडं असतं का, मराठी पुस्तकं किती, हे आधी जाऊन बघा. जागा निघेपर्यंत आठवड्यातून एक तास तिथं गोष्ट वाचायला मागा.

म्हणजे कन्नडचं उत्तर आलंच. यावं लागतं. सरकारी ग्रंथालयात कागद कन्नडमध्ये फिरतो, आणि कन्नड शाळेतलं मूल दारात आलं तर त्याला परत पाठवणार का? मी पस्तिशीत शिकले. चौथीतल्या एका मुलीनं पाटी घेऊन शिकवलं, बदल्यात मी तिला मराठी जोडाक्षरं. तिची जोडाक्षरं दोन महिन्यांत झाली. मला कन्नडचे व, म आणि प घाईत अजून सारखेच दिसतात, आणि ती आता कॉलेजात असली तरी आली की आधी माझा फळा तपासते.