'आरसी' म्हणजे 'रिसोर्स' नव्हे

एका वाचकाचा प्रश्न असा की, रंग, फॉण्ट आणि मागे सरकवून पाहता येणाऱ्या ओळींची संख्या एकदाच लिहून ती एक्सटर्म आणि यूआरएक्सव्हीटी या दोन्ही टर्मिनल एम्युलेटरांना (आज्ञा टाइप करण्याची खिडकी पुरवणाऱ्या प्रोग्रामांना) लागू करणाऱ्या 'एक्सरिसोर्सेस' या फाइलीला 'आरसी फाइल' म्हणावे काय, कारण 'बॅशआरसी'तील (बॅश हा आज्ञा घेणारा प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या फाइलीच्या नावातील) 'आरसी' हे 'रिसोर्स'चेच लघुरूप असल्याचे त्यांना शिकवले गेले आहे. म्हणू नये, आणि असे शिकवणाऱ्यांनीही आता आवरते घ्यावे.

'आरसी' आली आहे 'रनकॉम'वरून. एमआयटीतील सीटीएसएस या टाइम-शेअरिंग (एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणाऱ्या) प्रणालीसाठी लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९६३-६४च्या सुमारास या नावाचा प्रोग्राम लिहिला आणि फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा तो एकामागून एक चालवीत असे. (बॅशसारख्या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामांना 'शेल' हे नावही याच गृहस्थांनी दिलेले.) 'रन' आणि 'कमांड्स' यांचा हा सांधा इतका तोडका का, याविषयी माझा स्वतःचा तर्क आहे. सीटीएसएस ज्या आयबीएम ७०९४ यंत्रावर चाले, त्याचा एक यंत्रशब्द (यंत्र एका वेळी हाताळते तो बिटांचा गट) ३६ बिटांचा आणि एक अक्षर ६ बिटांचे; म्हणून एका यंत्रशब्दात बसवायच्या नावालाही सहाच अक्षरांची मर्यादा. 'रनकॉम' रोमन लिपीत लिहून अक्षरे मोजावीत, बरोबर सहा भरतात! यंत्राच्या शब्दाने माणसाच्या शब्दाची लांबी ठरवल्याचे इतके चोख उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. युनिक्समध्ये त्याची दोनच अक्षरे उरली आणि तीच पुढे 'बॅशआरसी', 'व्हिमआरसी' अशा नावांना चिकटली. काही जाणकार 'रन कंट्रोल' असा विस्तार छातीठोकपणे देतात; 'कॉम'मधून 'कंट्रोल' कोणत्या नियमाने निघतो, हे मात्र ते सांगत नाहीत.

'रिसोर्स'चे कूळ वेगळे आहे. एक्स विंडो प्रणालीत (युनिक्ससारख्या प्रणालींवर पडद्यावरील खिडक्या चालवणाऱ्या व्यवस्थेत) रिसोर्स म्हणजे नाव देऊन ठेवलेले मूल्य. ते चालवले जात नाही, विचारले जाते. 'एक्सआरडीबी' हा प्रोग्राम (येथील 'आर' मात्र खरोखरच रिसोर्सचा) ती फाइल वाचून मूल्ये डिस्प्ले सर्व्हरच्या (पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) मूळ विंडोवर, म्हणजे सर्व खिडक्यांच्या मागील खिडकीवर, नोंदवतो आणि प्रत्येक एम्युलेटर सुरू होताना आपल्या नावाची मूल्ये तेथून उचलतो. मूल्याच्या नावाआधी नुसते ताराचिन्ह दिले, तर तो रंग दोघांनाही मिळतो. एम्युलेटराचे नाव देऊन पुढे बिंदू दिला, तर यूआरएक्सव्हीटीला तो रंग कळतो, पण एक्सटर्मचे रंग 'व्हीटी१००' नावाच्या आतल्या पायरीवर असल्यामुळे त्याला तो सापडत नाही. 'एकाला रंग लागला, दुसऱ्याला नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हा बिंदूच असतो. किटी आणि अ‍ॅलाक्रिटी हे नवे एम्युलेटर ही मूल्ये विचारतच नाहीत, त्यांच्या फाइली स्वतंत्र लिहाव्या लागतात.

फाइल बदलल्यावर 'एक्सआरडीबी' पुन्हा चालवावा. आधीच उघडलेल्या खिडक्या तरीही जुन्याच रंगात राहतील, कारण त्यांचे विचारून झालेले असते.